नऊ जणांचे वाल

टप्.

सोललेल्या वालाचा पहिला दाणा स्टीलच्या रिकाम्या पातेल्यात पडला आणि हॉलमधली सगळी शांतता त्याच्या मागोमाग पातेल्यात गेली.

ही शांतता जमवायला सकाळपासून खटपट झाली होती. उल्हासनगरच्या कॅम्प पाचमध्ये सकाळी अकरा वाजता शांतता ही काही मागून मिळणारी वस्तू नाही. खालच्या मजल्यावर जीन्स शिवायची चौदा मशीनं. शरदचंद्र टिपणीस स्वतः जिना उतरून शेठला सांगून आले होते, "साईं, फक्त एक घंटा. टीव्हीवाले आये हैं." टीव्हीवाले असं कुणी नव्हतं. अभिजीत नावाचा एक तिशीतला माणूस होता, एक कॅमेरा, दोन दिवे आणि कॉलरला लावायचा माईक. जुन्या मालिकांवर तो इंटरनेटवर व्हिडिओ टाकायचा आणि ते लाखो लोक बघायचे. पंखा बंद केला होता, फ्रिजचं बटण बंद केलं होतं, आणि सहा वर्षांच्या सुरुचीला तिच्या आईनं, ऋतानं, मांडीवर घेऊन तोंडावर बोट ठेवायला लावलं होतं.

टप्. टप्.

"काकू, सॉरी हं," अभिजीत म्हणाला, "माईकमध्ये येतंय."

"कुंदा, ते सोलणं राहू दे जरा," शरदचंद्र स्वयंपाकघराकडे न बघताच म्हणाले. मग अभिजीतकडे वळून हसले. "बायकांना काय, भांडं दिसलं की वाजवायचं."

आतला आवाज थांबला. कुंदाताईंनी पातेल्यात फडकं घातलं असावं, कारण थोड्या वेळानं ऋताला आईची बोटं पुन्हा चालताना दिसली, पण आता दाणे पडत होते ते मुकाट्यानं.

ऋता त्या हसण्यात सामील झाली होती. तिला बाबांचा अभिमान होता आणि तो उगाच नव्हता. चाळीस वर्षांपूर्वी टीव्हीवर रहस्यकथांच्या एका मालिकेत एक भाग लागला होता, 'मधला मुक्काम'. एकच भाग, पण तो लागला त्या रात्री म्हणे रस्त्यावर माणूस नव्हतं. घाटात दरड कोसळते, एसटी अडकते, सात प्रवासी चिखल तुडवत वरच्या विश्रामगृहावर पोचतात. तिथं एक म्हातारा सर्वेक्षक आधीपासून उतरलेला आणि रखवालदार. सात आणि दोन, नऊ. सकाळी प्रवाशांतला एक व्यापारी मेलेला सापडतो. दोन्हीकडून रस्ता बंद, म्हणजे खुनी आठांतलाच. सगळे एकमेकांकडे बघतात, एकमेकांच्या पिशव्या उपसतात. आणि शेवटी उलगडा कोण करतं, तर कोपऱ्यात बसलेली, भागभर एक अक्षर न बोललेली एक मावशी. तिला नावसुद्धा नाही.

मावशी विचारते, "दरड पडली चार वाजता. आम्ही आलो सातला. नऊला जेवायला बसलो. पानात वालाचं बिरडं होतं, नऊ जणांना वाटी वाटी. वाल भिजायला एक रात्र लागते, मोड यायला फडक्यात बांधून एक दिवस. घरात माणसं दोन. मग नऊ जणांचे वाल दीड दिवस आधी भिजवले कुणी?"

रखवालदाराच्या हातातला तांब्या खाली पडतो. दरड पडली नव्हती, त्यानं सुरुंग लावून पाडली होती.

त्या भागाच्या पाटीवर नाव होतं, लेखक शरदचंद्र टिपणीस. त्यांनी पुढं काही लिहिलं नाही. अंबरनाथच्या केमिकल कंपनीत ते अधिकारी होते, तिथूनच निवृत्त झाले. पण त्या एका भागाची ओळख त्यांना जन्मभर पुरली. कुठल्याही लग्नात कुणीतरी यायचंच, 'अहो, ते वालवाले टिपणीस तुम्हीच ना?' आता इंटरनेटवर तो भाग पुन्हा आला होता, नव्या पोरांनी डोक्यावर घेतला होता आणि उद्या रविवारी संध्याकाळी बदलापुरात एक मंडळ त्यांचा सत्कार करणार होतं. मानपत्र ऋतानं लिहिलं होतं. सुरुची शाळेत असताना, पालेगावच्या आपल्या नव्या फ्लॅटमध्ये, कुकरच्या शिट्ट्या मोजत, तीन दुपारी खर्चून. वाचणारही तीच होती.

"आता मुख्य प्रश्न, सर," अभिजीत पुढं सरकला. "ती वालाची आयडिया. लोक म्हणतात हा मराठी टीव्हीवरचा सगळ्यात भारी क्लू. कसा सुचला?"

शरदचंद्रांनी चष्मा काढला, पुसला. हा प्रश्न त्यांना शेकडो वेळा विचारला गेला होता, पण कॅमेऱ्यासमोर पहिल्यांदाच. मग माणूस जरा रंगवून सांगतोच.

"एकदा काय झालं, मी संध्याकाळी कंपनीतून घरी आलो. हिनं माझ्यासमोर वाल भिजत घातले. दोन तासांनी जेवायला बसलो तर हे वाफाळतं बिरडं पानात. मनात आलं, अरे, संध्याकाळी भिजवलेले वाल रात्री पानात येतात, म्हणजे ह्यात वेळ आहे. घड्याळ आहे. वाल म्हणजे घड्याळ. तिथून कथा फिरली."

"क्या बात है. वाल म्हणजे घड्याळ. हे मी थंबनेलला घेतो, सर."

ऋताचं बोट सुरुचीच्या केसांत होतं, ते तिथंच थांबलं.

तिच्या स्वतःच्या ओट्यावर ह्या क्षणी फडक्यात बांधलेले वाल होते. गुरुवारी रात्री भिजवले, शुक्रवारी बांधले, आज रात्री सोलायचे. सुरुचीला बिरडं आवडतं आणि ते करायचं म्हणजे दोन दिवस आधी डोक्यात यावं लागतं. विसरलं की गेलं, शनिवारी कितीही आठवण झाली तरी उपयोग नाही. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. हातालाच ठाऊक होतं.

संध्याकाळी भिजवलेले वाल रात्री पानात येत नाहीत. आणि येत असते, तर रखवालदार निर्दोष होता. त्यानं प्रवासी सातला आल्यावर भिजवले असते आणि नऊ जणांना घातले असते. आख्खी गोष्ट कोसळत होती. ज्यानं ती लिहिली त्यालाच ती कळलेली नव्हती.

वय झालं बाबांचं, तिनं स्वतःला सांगितलं. विसरले असतील.

पण विसरणं म्हणजे आधी ठाऊक असणं.

तिनं स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं. आई पाटावर पाठमोरी बसली होती. सोललेला दाणा पातेल्यात, साल ताटलीत. नवऱ्यानं आत्ता काय सांगितलं ते तिनं ऐकलं होतं. ऐकू न येण्याइतकं घर मोठं नव्हतं. तिची बोटं क्षणभरही अडखळली नाहीत. ऋताला त्याचीच भीती वाटली. आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं असतं, तर बोटं थांबली असती.

*

मुलाखत संपेपर्यंत बदलापूरच्या मंडळाचे तिघे आले, शाल कुठल्या रंगाची ते विचारायला. शरदचंद्रांनी सगळ्यांनाच बसवून घेतलं. "आता जेवल्याशिवाय कुणी जायचं नाही. कुंदा, चार पानं वाढवशील ना?" खालची मशीनं पुन्हा सुरू झाली, फरशी थरथरायला लागली.

चार पाहुणे, घरातली चौघं. बिरडं सगळ्यांना वाटी भरभरून मिळालं. ऋता वाढत होती आणि पातेलं बघत होती. अजून एका माणसाचं उरलं. कुंदाताईंनी ते जावयासाठी डब्यात भरलं. "समीरला ने. शनिवारचं ऑफिस, बिचाऱ्याला काय मिळतंय तिकडे."

म्हणजे नऊ.

"काकू, एक नंबर," अभिजीत बोटं चाटत म्हणाला. "पण तुम्हाला कसं कळलं आम्ही जेवायला थांबणार? मी तर निघणार होतो."

सगळे हसले. मंडळाच्या एकानं पुस्ती जोडली, "काकूंनी दरड पाडली असणार." पुन्हा हशा. शरदचंद्र तर डोळे पुसेपर्यंत हसले.

"परवा रात्री भिजवलेत," कुंदाताई म्हणाल्या. "चामटोलीची कौसाबाई आली होती वाल घेऊन. जास्तच घेतले."

ते कुणी ऐकलं नाही. हशा अजून चालू होता, आणि तो थांबल्यावर कुणीतरी आमसुलाचं सार मागितलं.

ऋताच्या हातात सुरुचीसाठी कालवलेला भात होता. लेकीला घास भरवता भरवता तिला कढ यावा तसा राग आला. अजून तो कुणाचा, कुणावर, हे ठरलं नव्हतं. एवढंच दिसत होतं की बाबांनी जेवणाचं आज साडेबारा वाजता ठरवलं आणि आईनं ते गुरुवारी रात्री ओळखलं होतं. न सांगता माणसं आणायची आणि बाईनं दीड दिवस आधी ओळखायचं. हे चाळीस वर्षं चाललं होतं ह्या घरात. ती गोष्ट घाटात घडलीच नव्हती. ती इथं घडली होती, ह्या ओट्यापाशी.

*

पाहुणे गेले. शरदचंद्र आरामखुर्चीत टेकले. सुरुची आजीच्या पाटावर बसून ताटलीतल्या वालाच्या साली एकात एक घालून होड्या करत होती. ऋतानं स्वयंपाकघराचं दार ओढून घेतलं.

"वाल किती वेळ भिजतात, आई?"

कुंदाताईंनी घासणी खाली ठेवली नाही. "तुला ठाऊक नाही?"

"मला ठाऊक आहे. बाबांना ठाऊक नाही."

कुंदाताईंनी पातेलं नळाखाली धरलं.

"ती गोष्ट तू लिहिलीस."

"हळू बोल. झोपलेत."

"आई."

"लिहिली," कुंदाताई म्हणाल्या, जसं कुणी विचारावं मीठ घातलं का आणि म्हणावं घातलं. "तुझ्या जन्माच्या पाच वर्षं आधी. हे कंपनीत गेले की सासूबाई दोन ते चार झोपायच्या. वाणसामानाच्या याद्यांची वही होती, ती मागून उलटी करून लिहायचे. कुणी आलंच तर पुढून उघडायची. तूरडाळ, गूळ, धने."

ऋताला आठवलं. ती बारा वर्षांची असेल, बाबा तिला म्हणाले होते, 'तुझ्या आईला कागद दिसला की वाण्याची यादी सुचते.' ती खळखळून हसली होती.

"आणि नाव?"

"ह्यांच्या ओळखीचे एकजण होते टीव्हीत. हे म्हणाले, बाईच्या नावानं खुनाची गोष्ट कोण घेणार? फेअर कॉपी ह्यांनी केली, ह्यांच्या अक्षरात. पाकिटावर नाव ह्यांचं. मला वाटलं पाकिटापुरतंच. आम्ही सगळे शेजारच्या गुप्त्यांच्या टीव्हीसमोर बसलो होतो, पंचवीस माणसं. शेवटी पाटी आली. टाळ्या पडल्या. मीपण वाजवल्या."

"वही कुठंय?"

"रद्दीत गेली. हेच घालून आले."

कुठंच काही उरलं नव्हतं. अक्षर नाही, कागद नाही. उरली होती ती गोष्टीतलीच मावशी, जिला वाल ठाऊक होते.

"आणि तू गप्प बसलीस." ऋताचा आवाज तिला नको होता तितका चढला. "मी तुला काय काय बोलले, आई. ह्याच ओट्यापाशी. कॉलेजात होते. म्हटलं होतं, तुझ्या संसारापायी बाबा लिहायचे थांबले. तू चादरीच्या घड्या घालत होतीस. एक शब्द बोलली नाहीस. का?"

"चादरी होत्या हातात."

"आई, मस्करी नको."

कुंदाताईंनी पहिल्यांदा नळ बंद केला. पदराला हात पुसले, सावकाश, एकेक बोट.

"त्यांना दुसरी गोष्ट हवी होती. टीव्हीवरून चार पत्रं आली. हे नवी कोरी वही आणायचे, पेन आणायचे, माझ्यापुढं ठेवायचे. दुपारी सासूबाईंना म्हणायचे, तिला आज त्रास देऊ नका. एवढं कौतुक माझं माहेरीसुद्धा झालं नव्हतं. मी म्हणायचे, सुचत नाही. दोन वर्षं म्हणत राहिले."

"खरंच सुचत नव्हतं?"

"सुचत होतं गं. तीन सुचल्या होत्या."

ऋता ओट्याला टेकली. आपली आई घाबरट, आपली आई सोशीक, असं ती पस्तीस वर्षं समजत होती. आणि ही बाई समोर उभी होती, जिनं आपल्या तीन गोष्टी स्वतःच्या हातानं पुरल्या होत्या, केवळ त्या दुसऱ्याच्या नावावर जाऊ नयेत म्हणून. हा राग ऋताच्या रागापेक्षा कितीतरी जुना होता आणि त्याला मोड येऊन, साल सुटून, तो रोज पानात वाढला जात होता. कुणाला चव कळली नव्हती.

तिनं दार उघडलं. बाबा झोपले नव्हते. खुर्चीत ताठ बसले होते, चष्मा हातात.

"बाबा, वाल किती तास भिजतात?"

"हे काय आता? आईला विचार तुझ्या."

"तुम्हाला विचारतेय."

शरदचंद्रांनी बायकोकडे बघितलं. कुंदाताई दारात उभ्या होत्या. त्यांनी नजर वळवली नाही. तेवढ्यानं त्यांना कळलं.

"हे बघ, ऋता," ते म्हणाले. आवाज नेहमीचा, अधिकाऱ्याचा. "तो काळ वेगळा होता. मी नाव दिलं म्हणून ती गोष्ट बाहेर आली. नाहीतर वाण्याच्या वहीतच राहिली असती. आणि घरातलीच गोष्ट ना? नाव टिपणीसच लागलं. कुणाचं काय गेलं?"

"टाळ्या कुणी घेतल्या?"

"मी काय दुसऱ्या घरी नेल्या?"

"आणि लोकांना काय सांगत आलात? संसारामुळं लिहिणं राहिलं. बायकोला साहित्यातलं कळत नाही. भांडं दिसलं की वाजवते. आज सकाळी म्हणालात, बाबा. तिच्यासमोर. तिचीच गोष्ट सांगताना. आणि तीही चुकीची सांगितलीत. चाळीस वर्षांत एकदा तिला विचारलं असतंत, बाई, वाल कसे भिजवतात, तर निदान चोरी तरी धड झाली असती."

शरदचंद्रांचा चेहरा उतरला. चोरी ह्या शब्दानं उतरला की चुकीच्या ह्या शब्दानं, ते सांगणं कठीण होतं.

"उद्या शाल पांघरवणार आहेत," ते म्हणाले. बहात्तर वर्षांचा माणूस, पण आवाज एकदम बारीक झाला होता. "कार्ड छापून गेलीत. कंपनीतले जुने लोक येणारेत. मी काय सांगू त्यांना?"

ऋतानं पर्समधून मानपत्र काढलं. तिच्याच वळणदार अक्षरात, तिसरा परिच्छेद: 'संसाराच्या रामरगाड्यात ही समर्थ लेखणी अकाली थांबली, ही मराठी रसिकांची हानी होय.' हे लिहून झाल्यावर आपण स्वतःवरच खूश झाल्याचं तिला आठवलं. तीन दुपारी. लेकीच्या शाळेच्या वेळात. आई जे करायची तेच, त्याच वेळेला, आणि लिहिलं काय तर हे.

"मी हे वाचणार नाही. उद्या मी तिथं उभी राहिले तर खरं तेच सांगेन."

"नको," कुंदाताई म्हणाल्या.

दोघांनीही चमकून बघितलं.

"मला शाल नकोय. त्या हॉलमध्ये उभं राहून वहीची, यादीची कथा सांगत बसायची, लोक चुकचुकणार, नको. हे घेऊ देत शाल. ऊब त्यांनाच लागते." त्यांनी पुढं होऊन मानपत्र घेतलं आणि डोळ्यांजवळ धरलं. "ही एवढी ओळ काढ. लेखणी थांबली म्हणे, रामरगाड्यात. ती थांबली नाही. मी थांबवली. ते तरी माझ्या नावावर राहू दे."

"आई, एवढंच?"

"एवढं थोडं आहे?"

शरदचंद्रांनी चष्मा लावला, पुन्हा काढला. खालची मशीनं चालूच होती. ऋताला ओरडायचं होतं आणि कुणावर ते ठरत नव्हतं. बापावर ओरडून झालं होतं. आईवर ओरडण्याचा तिचा हक्क कॉलेजातच वापरून संपला होता. तिनं पेन काढलं आणि ती ओळ खोडली, एकदा, मग कागद फाटेपर्यंत आणखी दोनदा.

सुरुची वालाच्या सालींची होडी तळहातावर घेऊन मधोमध येऊन उभी राहिली. तिनं 'मधला मुक्काम' आजीच्या फोनवर तीनदा पाहिला होता. शेवट तिला पाठ होता; तांब्या पडतो, सगळे उठून उभे राहतात, दोघे जण रखवालदाराचे हात धरतात. तिनं आजीकडे बघितलं, मग खुर्चीतल्या आजोबांकडे. रोज तिला ओढून मांडीवर घेणाऱ्या त्या दोन हातांकडे जरा जास्त वेळ बघितलं. मग ती आईच्या कुर्त्याचं टोक ओढून, कुणाला वाईट वाटू नये अशा बेतानं, अगदी हळू आवाजात म्हणाली,

"आई, मग आता आजोबांना कोण पकडणार?"